गोलमागे दिसलेला इम्तियाज

जून संपत आला की ओमानमधल्या सहमच्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट होते, की एसीच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. मिनिटभर काही दिसत नाही. मग काचा पुसल्या की एकेक गोष्ट जागेवर येते. खजुराच्या झाडांना लोंबणारे पिवळे घड, मासळीबाजाराची पत्र्याची शेड, वाळूवर सुकत घातलेल्या तारल्या. त्या तारल्यांचा वास कपड्यांना, उशांना, जेवणाला लागतो. बायको म्हणते, सवय झाली. मला अठरा वर्षांत झालेली नाही.

यंदा फुटबॉलचा विश्वचषक अमेरिकेत आणि तिच्या दोन शेजाऱ्यांकडे भरलाय. काही सामने आमच्याकडे पहाटे पडतात. मी ते घरात, मोबाईलवर, आवाज बंद करून बघतो. मी कोल्हापूरचा, पेठेत वाढलेला. फुटबॉल एकट्याने आणि मुका बघायचा असतो हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरायला लागला की मी फोन उलटा ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीच्या याच दिवसांत मी अश्रफच्या कॅफेटेरियात बसायचो. अश्रफ मलबारचा. पहाटेची फजरची नमाज उरकली की शटर वर करायचा, कारण समुद्रावरून परतलेल्या कोळ्यांना तेव्हाच दुधाचा कडक करक चहा आणि गरम परोठा लागतो. भिंतीवर मोठा टीव्ही. त्या उन्हाळ्यात दक्षिण अमेरिकेतल्या देशांची जुनी स्पर्धा अमेरिकेत भरवली होती, आणि यजमान म्हणून अमेरिकाही खेळत होती. बाहेर आकाश राखाडी होत असायचं, आत तव्यावर तेल तडतडायचं, आणि आम्ही दहा-बारा भारतीय खुर्च्या ओढून बसायचो. ब्राझीलवाले एका बाजूला, अर्जेंटिनावाले दुसऱ्या. मी ब्राझीलवाला. मी काही बोललो की लोक ऐकायचे. बॉल कुठे जाणार हे मला दोन पास आधी दिसतं, असं अश्रफ म्हणायचा, आणि ते मला आवडायचं.

अमेरिकेच्या बाजूने एकच माणूस होता. इस्माईलचाचा.

चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे. कॅफेटेरियाच्या समोरच दोर, जाळी, गळ, शिसं विकायचं दुकान. लायसन अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर, पण चालवायचे चाचाच. तीस वर्षं. अंगानं बारीक, पांढरी दाढी, बोटांना नायलॉनच्या दोरांनी पडलेले घट्टे. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. सामना सुरू झाला की पहिला प्रश्न ठरलेला, “भाऊ, आपला गोल कुठचा?” हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की तोच प्रश्न पुन्हा. आपला म्हणजे अमेरिकेचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा इम्तियाज अमेरिकेत होता. ओमानमध्ये वाढलेला, इथल्या भारतीय शाळेत शिकलेला, मग तिकडे शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. इथे असताना त्यानं फुटबॉलला कधी पाय लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अमेरिकेत जाऊन तो फॅन झाला. चाचा त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टी आम्हाला सांगायचे, जशी काही स्वतः बघून आलेत.

“भाऊ, तिकडं सॉकर म्हनतात. शनिवारी सकाली आया गाड्या भरभरून पोरांना मैदानावर न्येतात. पोरी पन खेलतात, पोरांपरास भारी. इम्तियाजच्या हापिसात गोरे लोक पाटे उठून इंग्लंडच्या म्याची बगतात. गल्यात मफलर घालून. उन्हाल्यात पन मफलर!”

लोक हसायचे. मी सगळ्यात मोठ्यानं. पायानं खेळायच्या खेळाला ज्यांनी परकं नाव दिलं आणि हातानं खेळायच्या खेळाला फुटबॉल म्हटलं, त्यांचं कसलं प्रेम? हा माझा ठरलेला डायलॉग होता. त्यांना हा खेळ मुलांच्या शाळेबरोबर आणि गाडीच्या मागच्या सीटबरोबर मिळाला. आम्हाला तो वडिलांच्या शिव्यांतून मिळाला. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी मोठेपणी, विचार करून, संघ निवडलेला असतो. जसा एखादा माणूस चाळिशीत चष्म्याची फ्रेम निवडतो. मला ते खोटं वाटायचं. आता वाटतं, मला त्यांचा हेवा वाटत होता. त्यांना आवडतं म्हणून आवडत होतं. त्यासाठी कुणाचा द्वेष करावा लागत नव्हता.

आमच्याकडे द्वेष आधी यायचा. मी सोळा वर्षांचा असताना पलीकडच्या पेठेच्या संघाचा एक गोलकीपर होता. आदल्याच दिवशी त्याच्या वडिलांचं दहावं झालं होतं. तो मुंडण केलेल्या डोक्यानं गोलात येऊन उभा राहिला. आम्ही पन्नासेक पोरं त्याच्या गोलमागे. पहिली पंधरा मिनिटं त्यानं काय अडवलंय! मग मी एक ओळ ओरडलो, “बापाला पोचवलंस, आता बॉल पोचव!” पोरांनी ती उचलली. टाळ्यांच्या ठेक्यावर, पन्नास गळ्यांतून, एका सुरात. त्यानं एकदाच मागं वळून बघितलं. नंतर त्याच्या हातातून तीन बॉल गेले. त्या संध्याकाळी पोरांनी मला खांद्यावर घेऊन पेठेत फिरवलं, आणि आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, आपण जिंकलो.

माणसाची दुखरी जागा कुठे आहे हे मला तेव्हापासून चटकन कळतं. इतर कुठल्या कामात ही हुशारी उपयोगी पडली नाही. जवळच्या सोहारच्या एका कारखान्यात मी स्टोअरचं बघतो. तिथे कुणी मला खांद्यावर घेत नाही.

मेच्या अखेरीस चाची गेल्या. इम्तियाज तिकडे गेल्यापासून त्या गावीच असायच्या. आजार सहा महिन्यांचा होता. चाचा धावत गेले, दहा दिवसांनी परत आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच. इम्तियाज आला नाही. त्याच्या पाठीतली चकती सरकली होती. तो अंथरुणावर होता, डॉक्टरांनी महिना-दोन महिने उठायलाच मनाई केलेली. विमानात चौदा-पंधरा तास बसणं तर लांबच.

“आईला माती द्यायला नाय मिलाली पोराला,” चाचा आम्हाला सांगायचे. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कीव होती. “एकटा पडून हाय तिकडं. पानी द्यायला कोन नाय.”

आणि तेव्हापासून ते अमेरिकेचे सामने बघायला यायला लागले. एकदा मी विचारलं, “चाचा, काही कळतं का तुम्हाला यातलं?”

ते चहाच्या ग्लासात बघत म्हणाले, “भाऊ, फोन त्याची आई करायची, मला पन जोडून घ्यायची. मी नुसता आयकायचो. आता मलाच बोलायला लागतं ना. काय बोलू? पाठ कशी हाय, जेवलास काय, खलास. मंग फोनात नुसता आवाज येतो, घूं. सॉकरचं विचारलं तर धा मिन्टं बोलतो. तो पडून हाय, मैदानात जायाला मिलत नाय, म्हनून मी हितं बगतो आनि त्याला सांगतो.”

हे मला माहीत होतं. हे माहीत असताना मी पुढचं केलं, म्हणून इथे आधी लिहितोय.

त्याच महिन्यात आमच्या अनिकेतचा मेडिकलच्या परीक्षेचा निकाल लागला होता. दुसऱ्यांदा बसला होता तो, आणि दुसऱ्यांदा राहिला. तो खोलीतून बाहेर येत नव्हता. बायको ताट दाराशी ठेवायची. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सहमसारख्या गावात अशी गोष्ट सांगावी लागत नाही. अमेरिकेच्या सामन्याच्या आदल्या दिवशी भरल्या कॅफेटेरियात चाचा मोठ्यानं म्हणाले, “माने भाऊ, पोराला नापास झाला म्हनून बोलू नका हां. त्याला अमेरिकेला पाटवा. माजा इम्तियाज बगंल त्याचं.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग एकदम टीव्हीकडे बघितलं. ते टीव्हीकडे बघणं मला लागलं. ब्राझीलवाला माने, ज्याला दोन पास आधी दिसतं, त्याचा पोरगा दोनदा नापास.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सामना. अमेरिकेला जिंकणं भाग होतं. चाचा धुतलेला शर्ट घालून आले होते. पहिला अर्धा कसाबसा सरला. दुसऱ्या अर्ध्यात एक कोळी दोर मागायला आला, म्हणून चाचा समोर दुकान उघडायला गेले. तेवढ्यात अमेरिकेनं गोल खाल्ला. आमच्यातले दोघेतिघे टाळ्या वाजवून हसले. कॅमेरा गोलमागच्या अमेरिकन लोकांवर फिरला. रंगवलेली तोंडं, झेंडे, गळ्यात मफलर, डोक्याला हात लावलेली माणसं. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला ती जुनी हुशारी आल्याचं जाणवलं. बॉल येताना दिसतो, तसं.

चाचा हात पुसत आत आले. मी म्हणालो, “चाचा, कुठे होतात? आत्ता इम्तियाज दिसला टीव्हीवर.”

“कोन?”

“तुमचा इम्तियाज. गोलमागे. तोंडाला रंग लावलाय, ढोल बडवत उड्या मारतोय. काय रे, दिसला ना?”

मी बाकीच्यांना डोळा मारला. एकजण म्हणाला, “हो हो, तोच होता.” अश्रफनं आमच्याकडे पाठ करून परोठा उलटला.

चाचांचा चेहरा जो उजळला, तो मी विसरू शकत नाही. मी वाट बघत होतो त्यापेक्षा ते वेगळंच होतं. “उबा होता? आपल्या पायावर? उड्या मारत होता?” त्यांनी दोन्ही हात वर केले. “या अल्ला, बरा झाला माजा पोरगा!”

तिथे थांबता आलं असतं. हसून, चाचा, गंमत केली, म्हणता आलं असतं. पण ते खूश झाले होते, आणि मला ते खूश व्हायला नको होते.

“बरा कधी झाला?” मी म्हणालो. “चार दिवसांपूर्वी तर उठता येत नव्हतं म्हणालात. आणि चाचींचे चाळीस दिवस तरी झाले का?”

चाचा टीव्हीकडे बघत राहिले. तिथे आता खेळाडू धावत होते. ते सावकाश खुर्चीवर बसले. बोटांवर काहीतरी मोजायला लागले, मध्येच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सामना संपला, अमेरिका स्पर्धेबाहेर गेली. चाचांनी “आपला गोल कुठचा” हे त्या दिवशी पुन्हा विचारलं नाही.

त्यांनी दुपारी मुलाला फोन केला. मला अश्रफनं सांगितलं. दुकानाचं दार उघडं होतं आणि रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. “माने भाऊंनी आपल्या डोल्यांनी बगितलाय तुला. ते खोटं कशाला बोलतील? तुजी आई मातीत, आनि तू ढोल वाजवतोस?” पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. चाचांनी फोन ठेवला आणि नंतर त्याचा फोन घेतलाच नाही. गल्ल्यामागे लावलेला त्याचा पदवीच्या टोपीतला फोटो काढला. भिंतीवर चौकोन तेवढा स्वच्छ राहिला.

मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, जरा शांत होऊ दे. मग स्पर्धेचे पुढचे सामने आले, ब्राझील हरलं, फायनल आली. चाचांनी कॅफेटेरियात येणं सोडलं. अश्रफ परोठा बांधून दुकानात द्यायचा, आणि तो संध्याकाळी तसाच मांजरांपुढे पडलेला असायचा. मी रोज समोरून जायचो. हात वर करायचो. ते पण करायचे. माझ्याबद्दल त्यांच्या मनात रागाचा लवलेश नव्हता. उलट एकदा थांबवून म्हणाले, “तुमी होता म्हनून कललं, भाऊ. बाकी कोनी सांगितलं नसतं.”

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. वर्षा चपात्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. “त्या माणसाला तुम्ही आयुष्यातून उठवलंत,” ती म्हणाली. “आणि इथे बसून मला काय सांगताय? तिकडे जा.”

मी तिकडे गेलो नाही. माणसासमोर उभं राहायला धीर लागतो, आणि तो माझ्याकडे कधीच गोलमागच्या गर्दीपेक्षा जास्त नव्हता. मी इम्तियाजचा नंबर मिळवला. आपण कोण, काय केलं, हे पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. मी तुला बघितलंच नव्हतं, गंमत केली, फार वाईट गंमत केली, अब्बांना सांगायचा धीर होत नाही, तू समजून घे.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

“अंकल,” तो म्हणाला, “पण मी होतो तिथे.”

“कुठे?”

“स्टेडियममध्ये. गोलच्या मागे. कॅमेरा आला होता आमच्यावर, फ्रेंड्सनी क्लिप पण पाठवली. मला वाटलं, तुम्ही रिअली बघितलं.”

“आणि पाठ?”

“पाठीला काही नव्हतं, अंकल.” त्याचं मराठी अडखळत होतं, तो मध्येमध्ये इंग्रजीत जात होता. लीव्ह थोडीच उरली होती. ती त्यानं मॅचेससाठी ठेवली होती, मित्रांबरोबर, गाडीनं तीन शहरं. अम्मी सहा महिने आजारी होती, त्याला वाटलं अजून काही महिने काढेल. मग ती गेली. आणि मग जे सांगितलं होतं ते मागे घेता येईना. “आय डोन्ट नो, अंकल. मला तिथे सगळे ओळखतात. स्टँडमध्ये. मी ढोल वाजवतो. ऑफिसमध्ये मला कुणी नावानं पण नीट बोलवत नाही. तिथे माझ्यासाठी थांबतात.”

मी खिडकीतून खाली बघत होतो. दोन ओमानी मुलं खजुराचे घड टेम्पोत भरत होती.

“अंकल, एक सांगू? तुम्हाला अब्बांना सांगायचं होतं ना, की जोक केला?”

“हो.”

“मग तेच सांगा ना. ते खोटं नाहीये. तुम्ही मला खरंच नव्हतं बघितलं.”

यंदा मी फोन उलटा करायच्या आत अमेरिकेची भरलेली मैदानं दिसून जातात. बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुली, आजोबांच्या वयाची माणसं गालांवर तारे काढलेली, मेक्सिकोहून आलेली कुटुंबं, आपल्याकडची पोरं. कितीजणांनी घरी काय सांगून ही जागा मिळवली असेल कोण जाणे. मी आता त्यांच्या सॉकर म्हणण्याला हसत नाही. ज्याला कुठेच नाव नाही त्याला एका बाकड्यावर नाव मिळतं, यासाठी माणूस काय काय पुरून येऊ शकतो हे मला ऐकून माहीत आहे. स्वतःवरूनही माहीत आहे.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाचांच्या दुकानात गेलो. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आत पंखा, नायलॉनचा नि डांबराचा वास. चाचा दोराचं बंडल सोडवत बसले होते.

“चाचा, त्या दिवशी मी इम्तियाजला बघितलं नव्हतं.”

त्यांनी मान वर केली.

“मी गंमत केली. तुम्ही अनिकेतबद्दल बोललात, त्याचा मला राग आला होता.”

“नाय बगितला?”

“नाही.”

“बाकीच्यांनी?”

“मी सांगितलं म्हणून ते हो म्हणाले.”

ते उठले. माझ्या अगदी जवळ आले. “अनिकेतच्या डोक्यावर हात ठेवून बोलता काय, नाय बगितला म्हनून?”

“अनिकेतची शपथ. मी त्याला बघितलं नाही.”

एवढी खरी शपथ मी आयुष्यात घेतली नसेन. चाचांनी हातातला दोर खाली टाकला. फोन उचलला, डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला, आणि त्यांना नेहमी लागायचा तसा स्पीकर लावून काउंटरवर ठेवला. तिकडे पहाट असणार. पण पहिल्या रिंगलाच फोन उचलला गेला.

“इम्तियाज,” चाचा म्हणाले. काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले. “बेटा, मला माफ कर. मी तुज्यावर शक घेतला. आजारी पोरावर शक घेतला. तुजी आई असती तर मला घरात घेतलं नसतं.”

“इट्स ओके, अब्बा.”

“नाय, तू बोल, माफ केला म्हनून.”

“माफ केला, अब्बा.”

“पाठ कशी हाय?”

“आता बरी आहे. चालतो थोडा थोडा.”

“जास्त चालू नको. ढोल-बिल तर हातात पन धरू नको.” चाचा रडता रडता हसले. त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. “फायनल कोन जिंकला रे? मी नाय बगितली.”

“अर्जेंटिना, अब्बा.”

आणि इम्तियाज सांगायला लागला. पहिल्यांदा चाचरत, मग भराभर. कुणी कुणाला पास दिला, गोल कसा उशिरा झाला, लोक कसे रडले. चाचा मान हलवत होते, काही कळत नसताना, प्रत्येक वाक्याला. मी दोरांच्या दोन बंडलांमध्ये उभा होतो. मला जाता येत नव्हतं, कारण दार त्यांच्या पाठीमागे होतं.

मग त्यांना मी आठवलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात, एखाद्या लहान मुलाला खरोखर कळत नाही, तसं बघत त्यांनी विचारलं, “भाऊ, माज्या पोराशी तुमी असं का वागलात? त्यानं तुमचं काय वाईट केलं व्हतं?”

काउंटरवरचा फोन अजून चालू होता.

“जाऊ द्या, अब्बा,” फोनमधून इम्तियाजचा आवाज आला, अगदी स्वच्छ. “मी अंकलना पण माफ केलंय.”

चाचा माझ्याकडे बघत थांबले होते. मी फोनकडे वाकलो आणि म्हणालो, “थँक यू, बेटा.”